छायाचित्रें लहान करण्याविषयीं

अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत, आर्कान्सॉ नदीच्या कांठीं, बेंट बंधूंनीं १८३३ च्या सुमारास व्यापारासाठीं कच्च्या विटांचा किल्ला बांधिला. पलीकडचा तीर तेव्हां मेक्सिकोचा होता. पुढें १८४९ मध्यें हा किल्ला नष्ट झाला. आज प्रवासी ज्याचीं छायाचित्रें इंटरनेटवरून परस्परांस पाठवितात, ती वास्तु १९७६ सालीं पुनश्च उभारलेली आहे. ती उभारतां आली याचें श्रेय उत्खननास जितकें, तितकेंच जेम्स ॲबर्ट ह्या लष्करी अधिकाऱ्यास आहे. १८४६ सालीं आजारपणामुळें तेथें अडकून पडला असतां त्यानें किल्ल्याचीं मापें घेऊन रेखाटनें केलीं. (आजाऱ्यानें वेळ घालवावा तर असा!)

हल्लीं चित्र लवकर पोंचावें म्हणून तें लहान करितात. यांत आम्हांस गैर वाटत नाहीं; खेड्यांतील मुलासही तें पाहावयास मिळतें. परंतु ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचें छायाचित्र ६०० गुणिले ४०० केलें, कीं शंभर ठिपक्यांपैकीं एकच उरला. हाताएवढ्या पडद्यावर ही हानि दिसत नाहीं. विटांचे थर किंवा भिंतीची चीर शोधूं लागल्यावर ती कळते. तेंच चित्र पुन्हां मोठें केल्यास यंत्र रिकाम्या जागा अंदाजानें भरून काढितें, आणि अंदाजास आम्ही पुरावा मानीत नाहीं. कित्येक तर चौकटींत बसावें म्हणून रुंदी तेवढी दाबतात. मग बसका बुरूज मनोऱ्यासारखा दिसूं लागतो!

आमचें म्हणणें इतकेंच कीं, लहान प्रत खुशाल वाटावी, पण मूळ छायाचित्र पुसूं नये; आणि त्यासोबत स्थळ, तारीख, व वास्तु मूळची कीं नव्यानें उभारलेली, हें लिहून ठेवावें.