फरशी थंड, म्हणून बॉयलर बदला?

'बदलून टाका' हा आपला सगळ्यात लाडका इंजिनिअरिंग सल्ला आहे. पंखा आवाज करतो? बदला. पीसी स्लो झाला? फॉरमॅट मारा, नाहीतर बदला. मोजणं वगैरे भानगड नंतर, जमलं तर! माझा हा लेख या सल्ल्याविरुद्ध आहे. उदाहरण मात्र आपल्या होस्टेलपासून फार लांबचं आहे, इंग्लंडमधल्या एका घराच्या फरशीखालचं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी तपासलंय, तक्रारी त्यांच्याकडे.)

आता तुम्ही म्हणाल, आपण इथे मे महिन्यात पंख्याखाली ओला टॉवेल घेऊन झोपतो, आपल्याला फरशी तापवण्याचं काय? थांबा जरा. तिकडच्या बऱ्याच नव्या घरांत तळमजल्यावर भिंतीला रेडिएटर नसतात. फरशीखालच्या सिमेंटच्या थरात प्लॅस्टिकचे पाइप नागमोडी पसरलेले असतात आणि त्यांतून ३५ ते ४५ अंशांचं पाणी फिरत राहतं. कल्पना तशी जुनीच. रोमन लोकांनी केली, कोरियात तिला ओंडोल म्हणतात, आणि आपल्याच काश्मीरमध्ये हमामाच्या दगडी लाद्यांखाली लाकडं जाळतात. नवं काय, तर पंप, व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट. आणि घोळही बहुतेक तिथेच होतात.

माझी मावशी अशाच घरात राहते. गेल्या हिवाळ्यात तिच्या हॉलमधला थर्मोस्टॅट २१ वर ठेवलेला आणि हॉल १६ च्या वर जायला तयार नाही. किचन ठीक, खालचं बाथरूम तर भट्टी! तिच्या सासूबाईंचे गुडघे आधीच दुखतात, त्या दिवसभर किचनमध्ये खुर्ची टाकून बसायच्या, स्वेटरवर शाल, शालीवर आणखी एक शाल. इलेक्ट्रिक हीटर लावावा तर विजेचं बिल बघून काकांना घाम. मग एक माणूस बघायला आला आणि दहा मिनिटांत म्हणाला, बॉयलर लहान पडतोय, मोठा बसवा. कोटेशन हजारो पौंडांचं. काका कर्ज काढायच्या विचारात होते.

इथे जरा कॅल्सी काढा. त्या बॉयलरच्या पाटीवर २४ किलोवॅट लिहिलंय. हॉल आहे २४ चौरस मीटरचा. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या घराला चौरस मीटरला ६० वॅट धरले तरी हॉलला लागतात १४४० वॅट. सगळा तळमजला मिळून चार-पाच किलोवॅट. मग लहान काय पडतंय? उष्णता तयार होत होती, ती पोचत नव्हती. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

मावसभावाला व्हिडिओ कॉलवर जिन्याखालच्या कपाटात बसवलं. तिथे मॅनिफोल्ड असतो, म्हणजे ज्या नळकांड्यातून प्रत्येक खोलीच्या लूपला पाणी वाटलं जातं तो. प्रत्येक लूपवर छोटा फ्लोमीटर. बाथरूमचा लूप ३० मीटरचा, त्यात मिनिटाला साडेतीन लिटर. हॉलचे दोन लूप नव्वद-नव्वद मीटरचे, त्यांत अर्धा-अर्धा लिटर! पाणी ४० अंशांनी जात होतं आणि २६ ने परत येत होतं. फॉर्म्युला सगळ्यांना पाठ आहे: अर्धा लिटर भागिले ६०, गुणिले ४१८६, गुणिले १४. एका लूपला ४९० वॅटसुद्धा नाहीत, दोन मिळून हजाराच्या आतच. हवे होते १४४०. संपला विषय.

हे आपल्याला कळायला इंग्लंडला जायला नको. सकाळी सातला खालच्या बाथरूममधले सगळे नळ सोडले की वरच्या मजल्यावर नळाला नुसती धार येते ना, तेच. पाण्याला जिकडून सोपं तिकडून ते जातं, अगदी पॅरलल सर्किटमधल्या करंटसारखं. म्हणून हॉल गरम करायचा तर बाथरूमचा व्हॉल्व्ह आवळायचा. मावशीला हे पटेना. 'अगं, हॉल थंड आहे आणि तू बाथरूम कुठे आवळतेस?' पण आधी पाइपांतली हवा काढली, मग आखूड लूप थोडे थोडे आवळत नेले, तेव्हा हॉलच्या लूपमध्ये सव्वा लिटरच्या आसपास पाणी यायला लागलं. खर्च शून्य.

एवढ्याने भागलं नाही. हॉलमध्ये मावशीने हौसेने जाड गालिचा टाकलाय, खाली फोमचं अस्तर. तिकडे गालिच्याची उष्णता अडवण्याची ताकद 'टॉग'मध्ये मोजतात. दीड टॉग म्हणजे ६० वॅटला ९ अंशांचा अडथळा, म्हणजे पाणी तेवढं जास्त तापवा. आपण फरशीला स्वेटर घालतो आणि मग खोली गारठली म्हणून बॉयलरला शिव्या देतो! गालिचा राहिला, अस्तर गेलं. मावशीशी याहून जास्त भांडणं मला परवडत नाही.

सगळ्यात मजेदार भाग टायमरचा. काकांनी टायमर गीझरसारखा लावला होता, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. बचत! पण पाइपांवरचा सिमेंटचा थर ७ सेंटिमीटर, हॉलपुरताच बघितला तरी त्याचं वजन तीन टनांच्या वर. तो ६ अंशांनी तापवायला साधारण साडेपाच युनिट उष्णता लागते. मिळत होती एक किलोवॅटहून कमी. म्हणजे साडेपाच तास नुसती फरशी तापायलाच, खोलीची तर गोष्टच सोडा. आणि टायमर दोन तासांत बंद. अशी जमीन चालूच ठेवायची असते, रात्री फार तर एक-दोन अंश खाली. शिवाय ती हाताला गरम लागत नाही म्हणून बिघडली असंही नाही. खोली २० ला असताना फरशी २६ ला असली की काम भागतं, आणि २६ अंश आपल्या तळपायाला गरम वाटतच नाहीत.

तिसऱ्या दिवशी हॉल २० वर गेला. जुना बॉयलर आहे तिथेच आहे.

मागची छोटी खोली मात्र हरली. ती घराला नंतर जोडलेली. लूपला पाणी पुरेसं जातं, चांगलं गार होऊन परत येतं, पण फरशी २२ च्या वर जात नाही. म्हणजे उष्णता पाण्यातून निघते आणि खाली मातीत जाते, बहुधा खाली इन्सुलेशनचे बोर्ड घातलेच नाहीत. तिथे कुठलाही व्हॉल्व्ह फिरवून उपयोग नाही, फरशी फोडावी लागेल. तेव्हा 'बदलून टाका' कधी कधी बरोबरही असतं. फक्त आधी कळायला हवं, काय बदलायचं ते.

त्या बघायला आलेल्या माणसाला मी फार दोष देत नाही. प्रत्येक लूप तपासून, वाट बघून, पुन्हा मोजायला दोन-तीन दिवस जातात, त्याचे पैसे कोण देणार? आपण तरी काय वेगळे आहोत? आपल्या लॅबमधला सेटअप नेहमी चालू असतो, उत्तर आधीच माहीत असतं आणि रीडिंग्ज सीनियर्सच्या जर्नलमधून येतात (सरांना हे माहीत आहे, उगाच लपवण्यात अर्थ नाही). बंद पडलेली गोष्ट समोर ठेवून 'शोध' असं आजवर एकाही व्हायव्हात कोणी म्हटलेलं नाही.

म्हणून एक मागणी. चार वेगवेगळ्या लांबीचे पाइप, एक पंप, चार व्हॉल्व्ह आणि थर्मामीटर, एवढ्यात असा सेटअप उभा राहतो. अर्धं सामान वर्कशॉपच्या स्क्रॅपमध्ये पडलंय, मी बघून आलेय. दर बॅचला सरांनी त्यात एक बिघाड करून ठेवावा, एखादा व्हॉल्व्ह आवळावा, एखाद्या लूपमध्ये हवा सोडावी, आणि कोणता ते सांगू नये. मार्क्स दिले नाहीत तरी चालेल. बांधायला माझ्यासह तिघी तयार आहोत, परवानगीचा अर्ज एचओडी सरांच्या टेबलावर आहे.