नवा कॅमेरा, जुनं भिंग

परवा पुतण्या निकॉनचा डी-३४०० गळ्यात अडकवून आला. “काका, हा विकून दुसऱ्या कंपनीचा घेऊ का? खिशात फारसं नाही, आणि चिंगी आता पळू लागली. फोटो सगळे अस्पष्ट!”

“भिंगं किती?” मी विचारलं.

दोन. एक कॅमेऱ्याबरोबर आलेलं. दुसरं ५० मि.मी.चं एएफ-डी, आमच्या दादांचं. दादा गेले, भिंग राहिलं. अडचण ती हीच.

कंपनी बदलली की भिंगं, फ्लॅश, बॅटऱ्या सगळं नव्यानं आलं. “मग निकॉनचाच झेड घेतो!” इथंच पुष्कळजण फसतात, मंडळी. २०१८ पासूनच्या झेड कॅमेऱ्यांत आरसा नाही; म्हणून भिंग सेन्सरपासून ४६.५ ऐवजी १६ मि.मी.वर बसतं. मधली जागा एफटीझेड नावाचं कडं भरून काढतं खरं, पण एएफ-डी भिंगात स्वतःची मोटर नसते. ते कॅमेऱ्यातल्या मोटरीवर फिरतं, आणि ती ना त्या कड्यात, ना पुतण्याच्या डी-३४०० मध्ये! फोकस हातानं जुळवेपर्यंत चिंगी स्वयंपाकघरात पोचलेली असते.

शेवटी २०१७ सालच्या डी-७५०० मॉडेलचा एक वापरलेला कॅमेरा पाहिला. त्यात मोटर आहे. शटर किती वेळा उडालं ते विचारलं, दादांचं भिंग दुकानातच लावून पाहिलं. घर्रर्र करून फिरलं! पुतण्या जरा वेळ बोललाच नाही.

पहिला फोटो चिंगी रांगोळीवरून धावतानाचा. फोटो लख्ख आला. रांगोळीबद्दल वहिनी अजून मलाच बोलताहेत.