दाहाची दखल

मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार हा केवळ रक्तवाहिन्यांचा विकार होय, ही जी समजूत आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे, तिच्याविषयी शंका उत्पन्न करणारे निरीक्षण १९६४ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते; संधिवातासाठी सॅलिसिलेट घेणाऱ्या मधुमेहींत हा विकार कमी आढळतो, असे पॉवेल व फील्ड यांनी त्यात नोंदविले होते. पुढे ईटीडीआरएस या अमेरिकी चाचणीत रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊनही विकाराच्या गतीत फरक पडला नाही, आणि प्रकरण दप्तरी दाखल झाले. हा फैसला आम्हांस घाईचा वाटतो. एका औषधाची एक मात्रा निष्फळ ठरली, एवढ्यावरून दाह हे मूळ कारण खोटे ठरत नाही.

२००४ साली योसेन व सहकाऱ्यांनी दाखविले, की श्वेतपेशींना केशवाहिन्यांच्या भिंतीशी चिकटविणारे आयकॅम-१ अथवा सीडी-१८ हे प्रथिन ज्या उंदरांत नाही, त्यांच्या दृष्टिपटलाची मधुमेहातील हानी पुष्कळच कमी होते. शिवाय ज्या व्हीईजीएफला आपण इंजेक्शनांनी आवरतो, ते स्वतःच आयकॅम-१ वाढवून श्वेतपेशींना निमंत्रण देते; तेव्हा दाह आणि गळती ही दोन वेगळी प्रकरणे मानणे सयुक्तिक नव्हे.

भाईंदरच्या जेसल पार्कातील नेत्रवैद्यापुढे ही चर्चा येते ती निराळ्या वेशात. इथून रोज चर्चगेट गाठणारा चाकरमानी दरमहा इंजेक्शनासाठी रजा खर्ची घालतो, आणि तरीही पीतबिंदूची सूज दाद देत नाही. अशा डोळ्यात, विशेषतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झालेली असल्यास, ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या दाहशामकाच्या रोपणाचा विचार लांबणीवर टाकू नये. मात्र अवास्तव आशाही दाखवू नये: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोटोकॉल यू’ या चाचणीत इंजेक्शनास या रोपणाची जोड दिल्याने सूज अधिक उतरली, परंतु दृष्टीची सरासरी काही अधिक सुधारली नाही.

रोपणाचा अंमल तीन-चार महिने टिकतो, म्हणून तितके दिवस रुग्णास मोकळे सोडावे, हा मोह मात्र घातक आहे. नेत्रदाब बहुधा दीड-दोन महिन्यांच्या सुमारास सर्वाधिक चढतो आणि रुग्णास त्याची जाणीवही नसते. सबब त्या सुमारास नेत्रदाब तपासण्याची तारीख रोपणाच्या दिवशीच त्याच्या कार्डावर लिहून द्यावी, आणि शक्यतो ती रविवारची असावी.