वाटणी आधीं, तपशील मागून

ब्रिटननें युरोपीय संघ सोडावा कीं नाहीं, यावर ता. २३ जून २०१६ रोजीं सार्वमत झालें. सोडण्यास शेंकडा ५१.९ व राहण्यास ४८.१ मतें पडलीं. एक पक्ष स्वतंत्र कायद्यासाठीं, दुसरा व्यापारासाठीं भांडला; परंतु कोणत्या शर्तींवर सोडावयाचें, हें मतपत्रिकेवर नव्हतेंच. त्यामुळें २०१९ सालीं पार्लमेंटनें करार तीनदां फेटाळला व फारकत ३१ जानेवारी २०२० पर्यंत लांबली. इंग्लंडांतील शेतकऱ्यांस संघाच्या धोरणानुसार क्षेत्रावर मिळणारें अनुदान २०२१ पासून घटत गेलें. आमच्या मतें विभक्त होणें हा दोष नव्हे. पण सामाईक खातें फोडतांना बांध, विहीर व कर्ज यांचा तपशील आधीं ठरवावा, मगच सह्या कराव्या, हें आपण शेतकरी जाणतों. तोच नियम राष्ट्रांसही लागू आहे.