दुधाला फॅट, उसाला उतारा, सोयाबीनला काय?



बावड्यात डेअरीला दूध घातले की फॅट आणि एसएनएफ बघून भाव ठरतो. ऊस कारखान्यावर गेला की उतारा निघतो. एफआरपी त्या उताऱ्याशीच बांधलेली आहे. सोयाबीन आडतीवर नेले की मात्र व्यापारी ओलावा बघतो, काडीकचरा बघतो आणि कडता कापतो. दाण्यात तेल किती, प्रथिने किती, हे कोणी विचारत नाही. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर पैसे कापायला यंत्र आहे. तेल जास्त निघाले तर पैसे वाढवून द्यायला यंत्र नाही!

हे तेल आणि ही प्रथिने आभाळातून पडत नाहीत. काही भाग वाणाचा, काही पावसापाण्याचा आणि काही आपण घातलेल्या खताचा. तो हिशेब आधी समजून घेऊ.

दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. एकरी ८ क्विंटल माल निघाला तर दाण्यातूनच सुमारे ५० किलो नत्र शेताबाहेर जाते. म्हणजे युरियाच्या जवळजवळ अडीच गोण्या. तेवढा युरिया घालावा लागत नाही, कारण निम्म्याच्या आसपास नत्र मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतून आणून देतात, तेही फुकट. उसाच्या सवयीने सोयाबीनवर युरिया फेकला तर गाठी कमी धरतात, पीक माजते आणि लोळते. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेची शिफारस हेक्टरी २० ते २५ किलो नत्राची आहे, आणि त्याच्या जोडीला २० किलो गंधकाची.

हे गंधक आपण विसरलो. प्रथिनांतले मेथिओनिन आणि सिस्टीन हे घटक गंधकाशिवाय तयार होत नाहीत. नत्र भरपूर आणि गंधक तोकडे असेल तर प्रथिनांचा आकडा दिसतो, पण कस उतरतो. कोंबडीखाद्याच्या पेंडीत मेथिओनिन मुळातच कमी, ते वरून घालावे लागते. गंधक कमी पडले की तेल आणि उत्पादन या दोन्हींना मार बसतो.

पूर्वी सुपर फॉस्फेटबरोबर गंधक आपोआप रानात जायचे. डीएपी आला आणि ते थांबले. डीएपीच्या १ गोणीऐवजी सुपर फॉस्फेटच्या ३ गोण्या आणि युरियाची अर्धी गोणी घातली तर नत्र-स्फुरद जवळजवळ तेवढेच मिळते, वर १६ किलो गंधक. मात्र डोळे झाकून घालू नका. नीरेकाठच्या खारवट रानात सल्फेट आधीच असू शकते. वरच्या हलक्या, चुनखडीच्या रानात कमी असण्याचा संभव जास्त. माती तपासा. गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तरच खर्च करा.

आता सरकारचा न्याय पाहा. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, पण युरिया त्याबाहेर ठेवला. पहिल्या वर्षी नत्राला किलोमागे २३ रुपये २३ पैसे, गंधकाला १ रुपया ७८ पैसे. युरिया स्वस्त ठेवायचा आणि शेतकरी युरिया फार टाकतो म्हणून बोल त्यालाच लावायचा!

विज्ञान आपल्यापासून लांब नाही. बारामती तालुक्यात होळ येथे आघारकर संशोधन संस्थेचे शेत आहे. सोयाबीनच्या एमएसीएस वाणांचे काम तिथे चालते. मूठभर दाणे टाकले की तेल आणि प्रथिने सांगणारी यंत्रेही आहेत. मग ती बाजार समितीत का नाहीत? २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, तोही कसदार आणि बिनकसाच्या मालाला एकच.

गंधकाचा खर्च आपण करायचा, वाढलेल्या तेलाचा पैसा मात्र गिरणीवाल्याने घ्यायचा, हा व्यवहार नाही. जिल्हा बैठकीत एकच मागणी लावून धरू: कडता कापणाऱ्या काट्याशेजारी तेल मोजणारे यंत्र बसवा, आणि त्याप्रमाणे दाम द्या.