'फॅमिन' आणि 'स्कार्सिटी'

पोखर्णीच्या नृसिंह मंदिराच्या आवारात बसलेल्या कोणत्याही वृद्धाला १९७२ साली काय झाले असे विचारावे. खडी फोडल्याचे, मिलो आणि सुकडी खाल्ल्याचे तो सांगेल. पण त्याआधी एक शब्द उच्चारील : दुष्काळ. महाराष्ट्राच्या कायद्याला हे उत्तर मान्य नाही. विधिमंडळाने १९६३ साली खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळला. शेतीच्या स्थितीवर शासनाची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, सबब दुष्काळाला वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. सरकारी कागदांवर राहिली ती 'स्कार्सिटी', म्हणजे टंचाई. त्यानंतर नऊच वर्षांनी बहात्तर साल उजाडले.

हे दोन शब्द एकाच तापमापकावरचे दोन आकडे आहेत, असा समज शासनदरबारी रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. टंचाई असते वस्तूची : चाऱ्याची, पाण्याची, रॉकेलची. दुष्काळ पडतो तो माणसांवर. अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात विद्यार्थ्याला 'स्कार्सिटी' भेटते. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली तर साऱ्या अर्थशास्त्राची व्याख्याच तिच्यावर उभारली. साधने अपुरी आणि गरजा अनेक, ही अवस्था कुबेरालाही चुकत नाही. जी सर्वांना आहे तिच्याबद्दल जाब कुणाला विचारणार? 'फॅमिन' म्हटले की मात्र उपाशी कोण आणि का, हा प्रश्न टाळता येत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात बंगालचा १९४३ चा दुष्काळ तपासून दाखविले, की अन्न अस्तित्वात असूनही ते मिळविण्याचा अधिकार हरपल्याने माणसे मरतात.

इंग्रज सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १८७६-७८ च्या संहारानंतर आयोग नेमला गेला आणि १८८० च्या दशकात दुष्काळ संहिता झाल्या. त्या कंजूष होत्या, मजुरी बेताची होती. तरीही दुष्काळ जाहीर झाला की कामे काढणे व अपंगांना अन्न देणे ही अधिकाऱ्यांची लेखी जबाबदारी ठरे. शब्दाला देणे चिकटलेले होते. एप्रिल १९६७ मध्ये बिहारच्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारने, ज्यात कर्पूरी ठाकूर उपमुख्यमंत्री होते, तो शब्द उच्चारण्याचे धैर्य दाखविले आणि दुष्काळ जाहीर केला. त्याच वेळी महाराष्ट्रात तो शब्द कायद्याबाहेर होता.

कुणी म्हणेल, शब्द गेला म्हणून १९७३ साली काम थोडेच अडले? खरे आहे. त्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे कामांवर होती. पण मागणी झाल्यावाचून, मोर्चे निघाल्यावाचून ती कामे निघाली नाहीत, आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने कामाचा हक्क लिहून घ्यावा लागला. शब्दाबरोबर गेलेले देणे दुसऱ्या नावाने वसूल करावे लागले, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

आज शासन 'दुष्काळ' जाहीर करते तेव्हा त्याचा अर्थ अवर्षण, इंग्रजीत 'ड्रॉट', एवढाच असतो. मराठीत मात्र दोहोंना एकच शब्द आहे, त्यामुळे घोषणा ऐकणाऱ्याला जुने देणे मान्य झाल्यासारखे वाटते. अलीकडे तेवढाही उच्चार जड जाऊ लागला. २०१५ साली हजारो गावांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. (भूकसदृश अवस्था कशी असते हे आम्हांस ठाऊक नाही.) प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर मे २०१६ मध्ये शासनाने 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे म्हणून कळविले. २९ हजारांहून अधिक गावांची स्थिती अशी एका कागदाने बदलली. आकाशातून थेंबही पडला नव्हता. २०२३ साली पुन्हा तेच. ३१ ऑक्टोबरला राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरले, त्यांत परभणी जिल्ह्यातला एकही नव्हता. नंतर इतरत्र महसूल मंडळे निवडून 'सदृश' परिस्थिती लावण्यात आली.

२०२५ च्या पावसाळ्यात गोदावरीकाठची पिके पाण्याखाली गेली, तेव्हा ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी झाली. नियमावलीत असा शब्दच नाही, सवलती मात्र दुष्काळाच्या देऊ, असे उत्तर मिळाले. सवलत म्हणजे कृपा. ती देणारा ती थांबवूही शकतो. आमच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेचे ठराव लिहिताना 'टंचाई' हा तयार छापील शब्द खोडावा, वर 'दुष्काळ' लिहावे आणि खाली गावातल्या किती घरांत धान्य नाही, किती हातांना काम नाही, हे नावानिशी नोंदवावे. तहसील कचेरी तो कागद परत करील. पोचपावती मागून घ्यावी.