शेड नंतर, आधी खुराडं!

शेळीपालनाच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "सर, शेड केवढी बांधू?" अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, कुठलाही माणूस असो, सुरुवात शेडपासूनच. माझं मत ऐका. वाडी पाच-दहा गुंठ्यांची असेल तर पहिल्या वर्षी शेड नको, आणि कर्ज तर अजिबात नको.

साधा हिशोब करा. नोव्हेंबरमध्ये शेळी आणली आणि लगेच गाभण राहिली असं धरलं, तरी ती पाच महिन्यांनी, म्हणजे एप्रिलमध्ये विते. करडू विकायला तयार व्हायला आणखी आठ-नऊ महिने. पहिला रुपया दिसतो तो पुढच्या डिसेंबर-जानेवारीत. बँकेचा हप्ता काही करडू मोठं होईपर्यंत थांबत नाही. बीबीएला ब्रेक-ईव्हनचे आलेख भरपूर काढले, पण हे चौदा महिने खायचं काय, ते कुणी शिकवलं नाही.

मी स्वतः मार खाऊन शिकलोय. दुकानात पशुखाद्य विकतो, म्हणून वाटलं आपल्याला सगळं कळतं. मे महिन्यात घाटावरच्या बाजारातून सात उस्मानाबादी शेळ्या आणल्या. जनावर चांगलंच, पण कोरड्या मुलखातलं. लस दिलीय का, हेही विचारलं नाही. जुलैत खाली ओल, बाजूने झड. खोकला सुरू झाला आणि पंधरा दिवसांत तीन गेल्या. आजी एवढंच म्हणाली, "विचारायचंस तरी मला. शेळी भिजली की गेली." तो आकडा मी अजून वहीतून खोडलेला नाही.

आपल्याकडच्या पावसाला धरून जात हवी तर कोकण कन्याळ बघा. मूळची सिंधुदुर्गाकडची, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर काम केलंय. खरेदी दिवाळीनंतर करा, म्हणजे पावसाळ्याआधी तिला तुमची वाडी ओळखीची होते. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचा माचा, फळ्यांत बोटभर फट, म्हणजे लेंड्या-मूत खाली पडतं आणि खूर कोरडे राहतात. पडवीतसुद्धा होतो हा माचा. पावसाआधी आंत्रविषाराची लस आणि जंतनाशक, शिवाय पीपीआरची लस, सगळं सरकारी दवाखान्यात विचारून घ्या.

पण त्याही आधी कोंबड्या. पंधरा-वीस गावठी, नाहीतर वनराजा. पाच-सहा महिन्यांत अंडी सुरू होतात, आणि नागाव-काशीदकडे शनिवार-रविवारी येणारे पाहुणे गावठी अंड्याला भाव करत नाहीत. (मुंगूसही करत नाही, जाळी बारीक घ्या!) विक्रीचं कॅलेंडर मात्र भिंतीवर लावा: आषाढात गटारीपर्यंत मागणी, मग श्रावणात शुकशुकाट, मार्गशीर्षात गुरुवार मोकळे, ३१ डिसेंबरला पुन्हा धावपळ. बोकडाला बकरी ईद, पण ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे करडाचं वय मोजताना विसरू नका.

सगळं कोंबडीवरही लावू नका. जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू आला. अशा वेळी बाधित परिसरातले निरोगी पक्षीही मारावे लागतात. दहा पक्षी गेले तर माणूस रडतो आणि उभा राहतो. कर्जाचे हजार गेले तर?

"मग अनुदान सोडायचं का?" असं विचाराल. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पण १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढे. शंभर शेळ्यांचा पाला रोज कोण तोडणार? पाच शेळ्यांना आपल्या कुंपणावरची शेवरी आणि फणसाचा पाला बराचसा पुरतो. आधी पाच शेळ्यांनिशी एक अख्खा पावसाळा काढा, मग बँकेत जा, मी स्वतः प्रोजेक्ट रिपोर्ट करून देईन.

माझ्याकडे सध्या सहा शेळ्या आणि अठरा कोंबड्या आहेत. माच्याच्या दोन फळ्या कुजल्यात, त्या या रविवारी बदलतोय. त्याचाच व्हिडिओ टाकतो.